गोधड्यांची खोली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. असोद्याच्या पुढच्या एका खेड्यात पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. गावच्या पोरांना मी अक्षरं शिकवत होते आणि माझी स्वतःची मुलगी मात्र कुठल्याच शाळेत बसत नव्हती, कारण तिला ऐकू येत नव्हतं.

हे आम्हाला कळलं तेही एका गाडीवाल्याच्या शिवीतून. ती तीनेक वर्षांची असेल. असोद्यात आमच्या दारासमोर मातीत खेळत होती. मागून केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी उलटी येत होती. गाडीवाला ओरडत होता, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती, चाक करकरत होतं. ती मान वर करीना. मी धावत जाऊन तिला ओढलं. गाडीवाला घामाघूम झाला होता, घाबरला होता. तो माझ्यावर खेकसला, "पोरगी बहिरी जन्माले घातली का वं?"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिले. ती बोलत का नाही याची आम्ही सगळ्यांनी हजार कारणं शोधली होती. हेही उशिरा बोलले होते, माझी नणंदही उशिरा बोलली होती. ऐकण्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

जळगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नसच काम करत नाही, औषध नाही. "यंत्र लावा आणि लवकरात लवकर मूकबधिरांच्या शाळेत घाला. जितकी लहान, तितकं बरं." पुढे एका सरकारी शिबिरात तिला यंत्र मिळालं. छातीवर बांधायची डबी, तिच्यातून कानाकडे गेलेली वायर. डबीसाठी मी ब्लाउजच्या कापडाची पिशवी शिवली. यंत्र सरकारने दिलं. सेल संपला, वायर तुटली तर काय, हे मात्र शिबिरातल्या कोणालाच सांगता आलं नाही. वायर तर ती झोपेत चावायची.

शाळा मिळाली ती धुळ्याला, देवपुरात. पांझरेचा पूल ओलांडला की आत एका गल्लीत भाड्याचं दुमजली घर होतं. खाली वर्ग, वर वसतिगृह, मागे पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक. सहा वर्षांची पोर तिथे ठेवून येताना माझे हे, जे जिनिंग फॅक्टरीत दिवसभर कापसाच्या गठाणींशी झुंजायचे, स्टँडवरच्या नळाला तोंड लावून रडले. पाणी पितोय असं दाखवत होते. मी रडले नाही. मला वाटलं, हिला आता शिकवणारं कोणीतरी भेटलं.

आणि खरंच भेटलं. तिची बाई दोंडाईचाची होती. नुकतंच मूकबधिरांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन आलेली, बारीक अंगाची, आवाज मोठा. एका भेटीत तिने मला वर्गात बसू दिलं. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून ती 'प' म्हणायची, पट्टी हलायची. मग पोरं म्हणायची. पट्टी हलली की सगळी टाळ्या पिटायची. 'म'साठी पोरीचा हात स्वतःच्या नाकावर ठेवायची, कंप कळावा म्हणून. एकेका अक्षरासाठी महिना महिना जायचा. मी वर्गात एका तासात पाच अक्षरं गिरवून घेणारी. मला माझी लाज वाटली नाही, तिची कमाल वाटली.

वर्गात बाई हातवारे करू द्यायच्या नाहीत. "हात खाली, तोंडाने बोल." पण जिना चढून वर गेलं की पोरांचे हात सुटायचे. तिथे त्यांची स्वतःची बोली होती, आणि प्रत्येकाचं हाताचं नाव होतं. माझ्या मुलीच्या भुवईवर पडल्याची खूण होती, म्हणून भुवईला बोट लावलं की ती. मी म्हणजे चष्मा वर सरकवायचा. मी दारात दिसले की सगळी पोरं एकदम चष्मा वर सरकवायची आणि ती धावत यायची.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत घरी आल्यावर तिने सासूबाईंच्या तोंडाकडे बघून "पाणी" म्हटलं. घोगरं, नाकातून, पण पाणीच. सासूबाईंनी हातातलं पीठ तसंच ठेवून तांब्या भरून दिला. मग गल्लीतल्या बायकांना बोलावून आणलं आणि पोरीला इतक्या वेळा पाणी मागायला लावलं की तिचं पोट दुखायला लागलं.

शाळेला सरकारची मान्यता होती, अनुदान नव्हतं. हे दोन शब्द मी तोवर कधी वेगळे करून बघितले नव्हते. मान्यता म्हणजे शाळा चालवायला हरकत नाही. अनुदान म्हणजे बाईंना पगार, पोरांना जेवण, घराचं भाडं. संस्थेतले लोक देणग्या गोळा करून चालवत होते. आम्ही पालक ज्वारी, डाळ, तिखट नेऊन द्यायचो. कोणी दोंडाईचाच्या बाजारातून मिरची आणायचं, कोणी शेतातलं धान्य. बाईंना पगार कधी मिळायचा, कधी नाही. त्या बोलायच्या नाहीत, पण सुट्टीत त्या घरी न जाता शिकवण्या घ्यायच्या, हे मला दुसऱ्या पालकांकडून कळलं.

मग एका वर्षी निरोप आला की अनुदानासाठी तपासणीला समिती येणार. तपासणीच्या अटींत एक अट होती, कान तपासायला आवाज न शिरणारी खोली हवी. तशी खोली बांधायला जो खर्च येतो तो अनुदान मिळाल्याशिवाय कुठून आणणार? आणि खोली नसेल तर अनुदान नाही. मुख्याध्यापक आम्हाला हे सांगताना मध्येच थांबून नुसतेच हसले.

तोडगा दोंडाईचाच्या बाईंनीच काढला. "प्रत्येकाने घरून गोधड्या आणा. जाड, जुन्या, कशाही. जितक्या असतील तितक्या."

आणल्या. असोद्याहून मी आणि यांनी बसच्या टपावर गोधड्यांचं बोचकं चढवलं. त्यात सासूबाईंनी नववारी लुगड्यांची शिवलेली एक होती, ती त्या कोणाला पांघरूही देत नसत. साक्रीकडचे, शिरपूरकडचे, चाळीसगावचे पालक आले. खालच्या एका खोलीत आम्ही भिंतींना सुतळीने, खिळ्यांनी गोधड्या टांगल्या. भिंतीवर दोन-दोन पदर, खिडकीवर तीन, दाराला पडद्यासारखी एक. काही बाया टाके घालत होत्या, पुरुष स्टुलावर चढून खिळे ठोकत होते. आत जाऊन दार लावलं की रस्त्यावरचा टांग्याचा आवाज खरंच येईना. शिरपूरचे एक आबा आत जाऊन जोरात खाकरले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आइकू उनं का?" कोणालाच नव्हतं आलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळे फार आनंदात होतो. मला अजून आठवतं, बायांनी शेडमध्ये ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि आम्ही सगळे पोरांच्या पंगतीत जेवलो.

समिती दुसऱ्या दिवशी आली. मी रजा टाकून थांबले होते. साहेब लोकांनी वर्ग बघितले. पोरांनी "नमस्कार" म्हटलं, माझ्या मुलीने फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि तोंडाने वाचलं. मग मुख्याध्यापकांनी त्या खोलीचं दार उघडलं. आतल्या चिंध्या-चिंध्यांच्या रंगांकडे बघून एक साहेब म्हणाले, "हे काय? बाळंतिणीची खोली का?"

बरोबरचे हसले. बाई पुढे झाल्या. "साहेब, दार लावून बघा. आवाज येत नाही."

"बाई, यंत्रावर मोजून प्रमाणपत्र लागतं. गोधड्यांवर अनुदान देता येत नाही."

"मग साहेब, तोपर्यंत निदान पोरांच्या जेवणाचं तरी..."

"तुमची तळमळ आम्ही लिहू," साहेब म्हणाले. चहा घेतला, आणि गेले.

तळमळ लिहिली की नाही ठाऊक नाही. अनुदान आलं नाही. त्या उन्हाळ्यानंतर एक शिक्षक गेला, मग स्वयंपाकाची बाई गेली. घरमालकाने वरचा मजला परत मागितला. पोरं वर्गातच झोपायला लागली. पावसाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा माझ्या मुलीच्या डोक्यात उवा होत्या आणि यंत्र बंद होतं. बाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, मला रेग्युलर शाळेत नोकरी लागतेय. घरी वडील आजारी आहेत. मी किती दिवस..." मी त्यांचा हात धरला. मी पगारी बाई. त्यांना थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीला पोरं घरी गेली आणि शाळा उघडलीच नाही.

पुढचे महिने मी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. जळगावच्या समाजकल्याण विभागातले बाबू म्हणाले, "शाळा धुळे जिल्ह्यातली. तिकडे विचारा." धुळ्याला गेले. तिथले म्हणाले, "मुलगी जळगाव जिल्ह्यातली. तिकडूनच व्हायला पाहिजे." मी म्हणाले, "साहेब, मुलगी महाराष्ट्रातली आहे." ते रागावले नाहीत. समजुतीने म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः नोकरीत आहात, तुम्हाला नियम कळतात." जवळच्या दुसऱ्या मूकबधिर शाळेत मंजूर संख्या भरलेली. "एखादं मूल कमी झालं तर बघू," असं तिथल्या कारकुनाने सांगितलं. कमी होणं म्हणजे काय, हे माझ्या मनात आलं आणि मी तशीच बाहेर पडले.

मी तिला माझ्या वर्गात बसवायला लागले. पहिले काही दिवस ती खूश होती. पण मी फळ्याकडे वळून बोलले की तिला माझे ओठ दिसेनात, आणि वर्ग भरलेला, सगळ्यांना सोडून मी तिच्याकडे तोंड करून किती उभी राहणार? पोरं तिच्या आवाजाची नक्कल करायची. आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण नक्कल करतानाची तोंडं दिसत होती. एकाला तिने पाटी फेकून मारली. तशात विस्तार अधिकारी तपासणीला आले.

"ही मुलगी पटावर आहे?"

"नाही साहेब. माझी आहे. मूकबधिर आहे. तिची शाळा बंद पडली."

"मग वर्गात कशी? उद्या काही झालं तर?"

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. जाताना म्हणाले, "घरी ठेवा, बाई. मला उगाच लिहायला लावू नका."

घरी सासूबाई होत्या, थकलेल्या. पोर दारात उभी राहायची आणि बस दिसली की धावत सुटायची. रस्त्यावर ट्रक, मोटारसायकली, आणि हिला हॉर्न ऐकू येत नाही. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा ती खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याने बांधलेली होती. मनगट लाल झालं होतं. सासूबाई उंबऱ्यात बसून रडत होत्या. "काय करू वं मी? तिले हाका मारू तर कशी मारू? ट्रकाखाली गेली म्हंजे?"

मी गाठ सोडली आणि मनगटाला खोबरेल लावलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मीच ती गाठ, काचणार नाही इतकी सैल ठेवून, पुन्हा बांधली. त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं. कोणाला सुचत असेल तर त्याने सांगावं.

पौर्णिमेला आमच्या बुद्धविहारात वंदनेला सगळ्या बाया जमायच्या. एक म्हणाली, लग्न करून टाक मोठी झाली की. एक म्हणाली, अशी पोरं देवाघरची. मी जाणं बंद केलं.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर ती नाहीशी झाली. सासूबाईंचा डोळा लागला होता, लुगडं खाटेपाशी पडलेलं. गावात, केळीच्या बागांतून, विहिरींवर आम्ही शोधलं. प्रत्येक विहिरीत वाकून बघताना माझे हे माझा पदर धरून ठेवायचे. जळगाव स्टँडवरच्या पोलिसाने विचारलं, "नाव सांगता येतं का तिला?"

"येत होतं," मी म्हणाले.

"येत होतं म्हणजे?"

त्या काही महिन्यांत तिचं बोलणं गेलं होतं. सराव नाही, यंत्र नाही. 'पाणी'चं पहिलं अक्षर राहिलं होतं, मग तेही गेलं. हे मी त्या पोलिसाला सांगत बसले, आणि सांगता सांगताच मला कळलं की ती कुठे गेली असेल. 'धुळे' ही अक्षरं तिला वाचता येत होती. बसच्या पाटीवर तीच असतात.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचेपर्यंत मी खिडकीची दांडी सोडली नाही. पुलावरून रिक्षा देवपुरात शिरली. गल्लीत त्या घराच्या पायरीवर ती बसली होती. फ्रॉक मळलेला, पायात चप्पल नाही. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई माझी वाटच बघत असल्यासारखी पुढे आली.

"तुन्ही पोर शे का वं बाई? दुपारनी आठेच बठेल शे. पानी दिधं ते पिनी नही. त्या कुलूपले हालाडी हालाडी हात सोलायनात तिना."

"शाळा होती इथे," तिचे सोललेले तळवे बघत मी म्हणाले.

"व्हती ना. बठ्ठा पोरे निंघी गयात. आते आठे पेंडना पोता ठेवतस."

खिडकीच्या फटीतून सरकीच्या पेंडीचा वास येत होता. मी मुलीजवळ बसले. तिने माझ्याकडे बघितलं, उठली, कुलूप पुन्हा हलवलं आणि हात पसरून विचारलं, सगळे कुठे? मग एकेकाचं हाताचं नाव करून विचारायला लागली. गालावर बोट, तो कुठे? वेणी ओढल्यासारखं, ती कुठे? दात पुढे, तो? कागदाची पट्टी हलवून, बाई कुठे? मी प्रत्येक वेळी मान हलवत राहिले. बंद पडणं, अनुदान, मान्यता यांना कुठल्या खुणा करायच्या? मी कुलूप दाखवलं, हात रिकामे दाखवले. तिला वाटलं, आत आहेत आणि मी उघडत नाही. ती मला मारायला लागली. छातीवर, तोंडावर. चष्मा पडला. शेजारची बाई तिला धरायला आली, मी नको म्हटलं. मारून मारून ती थकली आणि तिथेच झोपली. तिला पाठीवर घेऊन मी स्टँडपर्यंत गेले, ती उतरायला तयार होईना आणि मलाही तिला उतरवावंसं वाटेना.

त्यानंतर यांनी जिनिंगमधल्या सगळ्या ओळखी लावल्या. प्रवेशाचे दोन जून महिने वाया गेले. तिसऱ्या जूनला दूरच्या एका जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत जागा निघाली. ती तेव्हा चांगली उंच झाली होती. तिला पहिलीत, सहा वर्षांच्या पोरांत बसवलं. बाकावर तिचे गुडघे मावत नव्हते.

त्याच सुमारास एका लग्नासाठी दोंडाईचाला गेले तेव्हा स्टेशनवर त्या बाई भेटल्या. बरोबर वर्गातली मुलं होती, सहलीला निघालेली. त्यांनी लगेच ओळखलं. आधी भुवईला बोट लावून विचारलं, कशी आहे? मी सांगितलं. त्यांनी एका मुलाच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कळलं का? आपलं अनुदान मंजूर झालं होतं."

"कधी?"

"बंद पडल्यावर. मुख्याध्यापकांना पत्र आलं. शाळा सुरू असल्याचा दाखला जोडा म्हणे. कुठून जोडणार?"

गाडी आली. मुलं चढवण्यात त्या गुंतल्या. मी बाकावर बसून राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं. काहीच आलं नाही.

नव्या शाळेतून मुलगी पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा तिने एक नवीन गोष्ट शिकून आणली होती. बोलायचं नसलं की ती डोळे मिटून घ्यायची. ऐकणाऱ्या माणसाशी पाठमोरं होऊनही भांडता येतं, हाक मारता येते. तिने डोळे मिटले की आम्ही तिच्यासाठी नव्हतोच. मी समोर बसून राहायचे. यांनी आणलेले नवे कपडे तसेच पडलेले. सासूबाई म्हणायच्या, "तिले झोपू दे वं." ती झोपलेली नसायची. पापण्या थरथरत असायच्या.

ती सातवीपर्यंत शिकली. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तिथूनही तिला घरी पाठवलं, नियमच तसा होता. आता ती जळगावात एका बाईकडे साड्यांना फॉल लावते. टाका बारीक घालते, गिऱ्हाइकं तिलाच मागतात. ती आवाज काढत नाही, कधीच. आणि संध्याकाळी मी काही विचारायला गेले की कधी कधी अजूनही डोळे मिटून घेते. मी दिवा लावते, तिच्यासमोर खाली बसते, आणि ती उघडीपर्यंत थांबते.